सातव्या ओळीतला ठिपका

१

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या छापखान्यात धूर निघाला. विझलेल्या काडीचा निघावा एवढासाच. पण तो पेटीच्या मागच्या फटीतून निघाला.

आमचा छापखाना ब्रेल पुस्तकांचा, आणि मी त्याचा व्यवस्थापक. पेटी म्हणजे आमचा संगणक. वय वर्षं चौतीस. की-बोर्ड आणि यंत्र एकाच करड्या खोक्यात. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. ही पेटी शेजारच्या ठोकयंत्राला हुकूम सोडते, ठोकयंत्र जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवतं आणि त्या पत्र्यावरून कागदावर पानं निघतात. अंध मुलांच्या चारशे बारा पुस्तकांचा मजकूर आमच्याकडे फ्लॉप्यांवर होता. तो या पेटीशिवाय कुणाला वाचता येत नव्हता, आणि पेटीचा फ्लॉपी वाचणारा भाग शेवटच्या घटका मोजत होता.

त्यावर तोडगा काढला तीन हौशी माणसांनी. जुन्या, जगानं टाकून दिलेल्या संगणकांसाठी नवे भाग बनवायचे, हा त्यांचा रविवारचा छंद. ज्या मालाला एकही गिऱ्हाईक नाही तो माल ही मंडळी जीव तोडून बनवतात. आठ महिने खपून त्यांनी सगळ्या फ्लॉप्यांवरचा मजकूर नखाएवढ्या मेमरीत उतरवून घेतला, आणि ती मेमरी पेटीला वाचता यावी म्हणून तळहाताएवढं एक कार्ड घडवलं.

कार्डाचा नकाशा आणि त्यातला प्रोग्राम बँकवालीचा. ही बँकेच्या संगणक विभागात नोकरीला. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण कामाला वाघीण. जोडकाम रेडिओकाकांचं. चाळीस वर्षं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. सोल्डरचा एकेक थेंब ज्वारीच्या दाण्यासारखा एकसारखा. तिसरे दातवाले. पेशानं दातांचे डॉक्टर, आणि घरात चाळीसेक जुने संगणक बाळगून असलेले संग्राहक. सुटे भाग कुठे मिळतील हे त्यांनाच ठाऊक.

शुक्रवारी दुपारी कार्डाची चाचणी झाली आणि ते चाललं. चार वाजता भूगोलाचं एक पान पत्र्यावर उमटलंसुद्धा. म्हणूनच शनिवारी मी दोन विश्वस्तांना बोलावलं होतं. कार्ड चाललं तर आमचा पत्राविभाग चालू राहणार होता. नाही चाललं तर विभाग बंद, तिघांची नोकरी गेली, आणि पुस्तकं दुसऱ्या छापखान्याच्या रांगेत, जिथे दोन वर्षं नंबर लागत नाही.

आणि आता धूर.

पेटीजवळ सगळ्यांत पुढे बसल्या होत्या आमच्या मुद्रित तपासनीस बाई. छापलेलं पान बोटांनी वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आम्हाला धूर दिसायच्या आधीच त्यांना वास आला. त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं, मागून कार्ड ओढून काढलं आणि पुढच्या क्षणी ओठ घट्ट मिटले. उजव्या हाताची तर्जनी भाजली होती. त्यांचं वाचायचं बोट.

कार्डावरच्या मोठ्या चिपमध्ये काही उरलं नव्हतं. बँकवालीनं अर्ध्या तासानं निकाल दिला. "चिप मेली. बाकी पेटी वाचली, बाईंच्या कृपेनं. पण चिप मरायला काही कारणच नाही. काल चार वाजता जे चालत होतं ते आज दहाला जळतंच कसं?"

विश्वस्तांनी घड्याळ पाहिलं, मंगळवारी बारापर्यंतची मुदत दिली आणि गेले. त्यांचा जिन्यावरचा आवाज संपल्यावर मी दार लावून घेतलं.

"याचा अर्थ रात्रीतून कुणीतरी यात हात घातलाय," मी म्हणालो.



२

माझा संशय कुणावर होता हे मी लपवत नाही. दातवाल्यांवर.

शुक्रवारी चाचणी झाल्यावर काकांनी कार्ड त्याच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकण दाबलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो पत्राविभागाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली दारामागच्या खिळ्यावर असते, हे आमच्याकडे आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सगळे गेले. सव्वापाचला मी निघायच्या बेतात असताना दातवाले परत आले. हेल्मेट विसरलं म्हणाले, आणि थेट पत्राविभागात गेले. चांगली पाच मिनिटं आत होते.

दुसरं असं की महिन्यापूर्वी त्यांनीच विश्वस्तांना चिठ्ठी लिहिली होती. विभाग बंद करायची वेळ आलीच तर ही पेटी भंगारात देऊ नका, मी घेऊन जाईन. अशी पेटी, तीही चालू, त्यांच्या संग्रहात नव्हती.

शनिवारी दुपारी मी हे सगळं तपासनीस बाईंना सांगितलं. त्या बोटाला मलम लावून, डाव्या हातानं एक पान चाचपत बसल्या होत्या.

"तुमच्या हुद्द्यातच तपास आहे," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

"माझा तपास काना-मात्रेचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय ठरवलंय?"

"सोमवारी विश्वस्तांना लेखी कळवतो. त्यांचं येणं बंद करावं आणि गरज पडली तर पोलिसांत जावं."

"सोमवार म्हणजे परवा. मग उद्याचा दिवस मला द्या. गाडी तुमची."

"पण तुम्हाला काही वेगळं वाटतंय का?"

त्यांनी हातातलं पान पुढे सरकवलं. शुक्रवारच्या पत्र्यावरून काढलेलं, भूगोलाचं.

"सातवी ओळ. 'ही नदी लांब आहे' असं हवं. लांबमधल्या 'ल'ला तीन ठिपके असतात. त्यातला खालचा उठलाच नाही, म्हणजे 'ल'चा झाला 'ब'. मुलं वाचणार, ही नदी बांब आहे. मी हे कालच सांगितलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. बँकवाली म्हणाली होती की फ्लॉपीवरच चूक असेल. दातवाले म्हणाले होते, ठोकयंत्राची सुई झिजली असेल. काका काहीच बोलले नव्हते.

"एका ठिपक्याचं काय एवढं?"

"ठिपक्याचं राहू द्या तूर्त. दुसरं सांगते." त्यांनी बँकवालीनं परत आणून ठेवलेलं कार्ड उचललं. "चिप कार्डावरच्या खोबणीत नुसती खोचलेली असते. तिला दोन्हीकडे वीस-वीस पाय असतात आणि एका टोकाला अर्धगोल खाच. चिप कुठल्या दिशेनं बसवायची ती खूण. शुक्रवारी काकांनी मला कार्ड हातात देऊन दाखवलं होतं. ही पेटीत घुसणारी सोनेरी पट्टी मनगटाकडे धरली की खाच लांबच्या टोकाला, बोटांकडे. आत्ताही तशीच आहे, बघा."

मी पाहिलं. तशीच होती.

"आज सकाळी मी धूर येताना कार्ड ओढलं तेव्हाही पट्टी मनगटाकडेच होती, पण खाचही मनगटाकडेच लागली. बोट पोळलं ते ती चाचपतानाच." त्या शांतपणे म्हणाल्या. "कार्ड आज माझ्या हातात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा ते सारखं नव्हतं."

३

रविवारी सकाळी आम्ही निघालो. गाडीत मी हिशेब मांडत होतो. चिप उलटी बसवली की वीज उलटी शिरते आणि चिप जळते, एवढं मला बँकवालीकडून समजलं होतं. म्हणजे कुणीतरी शुक्रवार दुपार आणि शनिवार सकाळ यांच्या मधे चिप काढून उलटी बसवली. आणि जळाल्यावर, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती गुपचूप सुलटी केली.

"डोळ्यांदेखत म्हणजे तुमच्या," बाई म्हणाल्या. "माझ्या हातातून कार्ड कुणी घेतलं?"

"काकांनी. तुमचं बोट भाजलं म्हणून. त्यांनी ते कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन स्पिरिटनं पुसलं. मग दातवाल्यांनी पाहिलं. मग बँकवालीनं भिंग लावून पाहिलं, चिप काढून लॅपटॉपला जोडून तपासली आणि परत बसवली."

"आणि तुम्ही?"

"मी विश्वस्तांना चहा देत होतो."

बँकवाली घरी कपडे वाळत घालत होती. एक टोपली रिकामी होईपर्यंत तिनं आम्हाला ताटकळत ठेवलं.

"मला शनिवार नकोच होता," ती म्हणाली. "आणखी दोन आठवडे मागितले होते मी. काकांशी त्यावरून भांडलेसुद्धा. तुम्हाला वाटत असेल की माझं खरं व्हावं म्हणून मीच जाळलं."

"वाटत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला थांबवायचंच असतं तर काय केलं असतं?"

बँकवालीनं जरा विचार केला. "प्रोग्राममधली एक ओळ बदलली असती. दोन मिनिटांचं काम. धूर नाही, वास नाही, आणि वर मीच सगळ्यांसमोर शोधून काढली असती."

"तुमच्याकडे कार्ड आलं तेव्हा चिप कशी होती?"

"सुलटी. पहिलं तेच बघतात. उलटी दिसली असती तर मी तिथेच बोंब मारली असती."

दातवाल्यांच्या घरी आम्हाला बसायला जागा करावी लागली. खुर्च्यांवर संगणक होते, पलंगाखाली संगणक होते, फ्रिजवर एक होता. माझा आवाज थोडा चढाच होता. हेल्मेट, पाच मिनिटं, विश्वस्तांना लिहिलेली चिठ्ठी, सगळं मी त्यांच्यापुढे टाकलं.

ते चिडले नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला.

"हेल्मेट कपाटामागे पडलं होतं. ते काढायला वेळ गेला," ते म्हणाले. "आणि पेटी मला हवी आहे, हे खरं आहे. पण मला चालती हवी, साहेब. मेलेली माझ्याकडे नऊ आहेत. पेटीत बसवलेलं कार्ड जळलं की पेटी त्याच्यासोबत जाऊ शकते. काल बाईंचा हात दोन सेकंद उशिरा पोचता तर गेलीच होती. मला जर ती पेटी पळवायची असती, तर तिला धोका होईल असं काही करणारा मी जगातला शेवटचा माणूस."

"कार्ड तुमच्या हातात किती वेळ होतं?" बाईंनी विचारलं.

"मिनिटभर. कडांना धरून. चाळीस पायांची चिप नुसत्या बोटांनी निघत नाही हो. दाढ काढण्यासारखं आहे ते, हत्यार लागतं आणि दोन्ही बाजूंनी सावकाश उचलावी लागते."

"आणि खाच?"

"पट्टीपासून लांब. बरोबर जागी."

बाहेर आल्यावर मी गाडीचं दार उघडून धरलं, पण बाई बसल्या नाहीत.

"तुम्ही चोर शोधताय," त्या म्हणाल्या. "मला वाटतं तिथेच चुकतंय. बँकवालीला खोड्या करायच्या असत्या तर सोपा रस्ता होता. यांना पेटी जपायची होती. ज्याला वाईट करायचं होतं त्यानं हे केलेलं नाही. चांगलं करायला गेलेल्या कुणाच्या तरी हातून हे झालंय."

४

रेडिओकाकांचं दुकान एका अरुंद गल्लीत, शिंप्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मधे. दार अर्धं उघडं होतं. आत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. काका स्टुलावर बसून काहीच करत नव्हते. आजवर मी त्या माणसाला रिकाम्या हातांनी पाहिलं नव्हतं.

"या," ते म्हणाले. "बाई, बोट कसंय?"

"वाचण्याजोगं व्हायला पंधरा दिवस. तोवर डाव्या हातानं भागवते. वाचते अडखळत."

काकांनी मान खाली घातली. मी त्यांनाही तेच प्रश्न विचारले आणि त्यांनी तुटक उत्तरं दिली. हो, कार्ड पुसलं. नाही, चिप उलटी दिसली नाही. आणि पूर्ण वेळ ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. एकदाही नजरेला नजर दिली नाही.

फळीवर दुरुस्तीला आलेले रेडिओ ओळीनं ठेवले होते. सात-आठ तरी असतील, वर बोटभर धूळ. पूर्वी या दुकानात आज दिलेला रेडिओ परवा गात परत यायचा.

"गिऱ्हाइकांना घाई नाही वाटतं?" मी विचारलं.

"आहे ना. मलाच नाही."

मागच्या भिंतीला सुट्या भागांचे लहान लहान खण होते, पन्नास-साठ. प्रत्येकाच्या मुठीला सुतळीचा तुकडा बांधलेला. मला वाटलं, खण ओढायला सोपं जावं म्हणून असेल. बाई बोलता बोलता भिंतीशी गेल्या आणि त्यांचा डावा हात खणांवरून फिरत राहिला. एका सुतळीशी थांबला, दुसरीशी थांबला, मग तिसरीशी.

"छान व्यवस्था आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

 रेडिओवर हवामान सुरू झालं होतं.

निघताना बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची स्कूटर दिसली नाही बाहेर?"

"तुम्हाला कशी दिसणार?" काका हसले.

"वासानं. पेट्रोलचा वास नाही आला."

"बिघडलीय. बसनं येतो हल्ली."

गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही आलो. मग मी मनातलं बोललो. "हा माणूस काहीतरी लपवतोय. माझ्याकडे बघूनसुद्धा बोलत नव्हता. कानाकडे बघत होता."

बाई थबकल्या. "कानाकडे? नेमकं कानाकडे?"

"हो. कान, खांदा, असंच कुठेतरी. बाजूला."

 शेजारून एक हातगाडी गेली तरी त्या हलल्या नाहीत.

"एक शेवटचं सांगा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी काका कार्ड घेऊन जिना चढले तेव्हा डबा खुळखुळत होता. मला तो आवाज नीट आठवतो. संध्याकाळी तोच डबा तुम्ही कपाटापर्यंत नेलात. तेव्हा खुळखुळला?"

मी आठवून पाहिलं. त्या वेळी मी घाईत होतो, डबा काखेत मारून जवळजवळ धावतच गेलो होतो. कुलूप लावताना डबा आडवासुद्धा झाला होता.

आवाज आला नव्हता.

"म्हणजे रात्रभर मी..."

"रिकामा डबा कुलपात ठेवला होतात," बाई म्हणाल्या. "विश्वस्तांना काही लिहू नका. उद्या नऊ वाजता सगळ्यांना बोलवा. आणि मी सांगेपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही."

५

सोमवारी नऊ वाजता पत्राविभागात आम्ही पाचजण होतो. दातवाले माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले, ते माझ्या लक्षात आलं. कार्ड मधल्या टेबलावर होतं.

"मी थोडक्यात सांगते," बाई म्हणाल्या. "शुक्रवारच्या पानावर सातव्या ओळीत एक ठिपका उठला नाही. मी काल पत्राही तपासला, सुई नीट आहे. मूळ पुस्तकाची जुनी छापील प्रत तपासली, त्यात ठिपका आहे. म्हणजे चूक कार्डाची. कुठेतरी सोल्डर नीट धरलेला नव्हता. चाललं तर चाललं, नाही तर एखादा ठिपका गळला."

बँकवालीनं मान हलवली. "कच्चा जोड. असं होतं."

"हे एका माणसाच्या लगेच ध्यानात आलं. तो काही बोलला नाही. विश्वस्त दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यानं ठरवलं की कार्ड घरी न्यायचं, रात्रीतून जोड पक्के करायचे आणि सकाळी परत आणायचं. डबा बंद करताना कार्ड त्यानं पिशवीत ठेवलं. किल्ली, कपाट, हेल्मेट, यांचा कशाचाच इथे संबंध नाही."

मी दातवाल्यांकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही.

"घरी त्यानं आधी चिप काढून बाजूला ठेवली. सोल्डर करताना उष्णतेनं बिघडू नये म्हणून. हे शहाण्या माणसाचं काम. मग जोड पक्के केले. कार्डाची पाठ बघा. शुक्रवारी मी चाचपली तेव्हा दाणे एकसारखे होते. आता एका रांगेतले अकरा जोड जाड, ओघळलेले, दोन तर एकमेकांना टेकायच्या बेतात. ज्याच्या हाताला काम येतं पण डोळ्याला काम दिसत नाही, त्याचं हे सोल्डरिंग आहे." त्यांनी कार्ड उलटून धरलं. "मग चिप परत बसवली, आणि ती उलटी बसली. तपासून बघायला घरी पेटी नाही. सकाळी इथे डबा उघडला तोही त्यानंच, म्हणून कार्ड पिशवीतून आलं हे कुणाला कळलं नाही. शनिवारी धूर निघाल्यावर त्याला कळलं. कार्ड पुसायच्या निमित्तानं..."

"मीच," रेडिओकाका म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पुढचं मी सांगतो, बाई. दोन वर्षं झाली. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणून रस्त्यानं चालतो, जिना चढतो, कुणाला कळत नाही. माणसाचा चेहरा बघायला गेलं की तिथे राखाडी डाग. बाजूला बघितलं की जरा उमटतो. आता आता ते पण कमी झालंय."

"आणि खणांना गाठी बांधल्यात," बाई म्हणाल्या. "एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. मापाप्रमाणे."

"तुम्ही मोजल्यात, ते बघितलं मी. कडेनं." काकांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "शुक्रवारी रात्री घरी दिवा अगदी चिपवर ओढून घेतला होता. वाटलं, दिसली खाच. त्या चिपवर दुसऱ्या टोकाला एक ओरखडा आहे, तो दिसला असणार. डोळ्यावर विसंबलो. बोट फिरवलं असतं तर चुकलो नसतो. धूर निघाल्यावर बोट फिरवलं, तेव्हा कळलं. चिमटा हत्यारांच्या पिशवीतच होता माझ्या. पुसता पुसता फिरवली."

"पण का, काका?" बँकवालीनं विचारलं. तिच्या आवाजातला तोडकेपणा गेला होता. "मला सांगायचं. मी केलं असतं सोल्डरिंग."

"आणि मग मी काय केलं असतं?"

 काका दातवाल्यांच्या दिशेला, म्हणजे त्यांच्या खांद्याच्या दिशेला, वळले. "तुमच्यावर आळ येतोय हे शनिवारीच दिसत होतं मला. एवढं दिसतं. तरी गप्प राहिलो. ते जास्त वाईट केलं."

दातवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मी उठलो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, पण त्यांनीच माझ्या गुडघ्यावर थापटलं.

"राहू द्या साहेब. उद्या बाराला विश्वस्त येणार आहेत. आधी चिपचं बघू."

"ती चिप आता बनत नाही," बँकवाली म्हणाली. "मिळवायला दोन महिने लागले होते."

"माझ्याकडे एक आहे," दातवाले म्हणाले. मग उठता उठता, "वापरात आहे."

६

ती त्यांच्या संग्रहातल्या सगळ्यांत लाडक्या संगणकात होती, चालत्या. दुपारी ते ती घेऊन आले. दात काढायच्या चिमट्यानं काढली म्हणाले, एकही पाय न वाकवता, आणि हे सांगताना त्यांना हसू आणि कढ एकाच वेळी आवरावा लागला.

सोल्डरिंग बँकवालीनं केलं. काका तिच्या शेजारी बसून सांगत होते. "आधी पाय तापव, मग तार लाव. थेंब स्वतः पळत येईल. फुंकर मारू नकोस. धूर सरळ वर गेला की हात काढ." ओघळलेले अकराच्या अकरा जोड तिनं सोडवून पुन्हा केले. प्रत्येक जोड झाला की बाई त्यावरून डावं बोट फिरवायच्या. दोन जोड त्यांनी नापास केले. बँकवाली न कुरकुरता पुन्हा करायला बसली.

चिप बसवायच्या वेळी ती काकांच्या हातात दिली गेली. कुणी ठरवलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, नखानं खाच शोधली आणि दाबली. मग बाईंनी चाचपून पाहिलं आणि मान डोलावली.

मंगळवारी बारा वाजता विश्वस्तांसमोर भूगोलाचं तेच पान ठोकलं गेलं. त्यानंतर गणिताचं. नंतर विश्वस्तांपैकी एकानं कपाटातली यादी डोळे झाकून उघडली आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं एक गोष्टींचं पुस्तक मागितलं. तेही निघालं. बाईंनी तिन्ही पानं डाव्या हातानं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे बघत उभे.

"चूक नाही," त्या म्हणाल्या.

विभाग चालू राहिला. सहावीच्या पुस्तकांचं काम त्याच दुपारी सुरू झालं.

विश्वस्त गेल्यावर बाई काकांना म्हणाल्या, "गुरुवारी माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं. गेलेलं येणार नाही, पण असलेलं राखता येतं म्हणतात. लवकर गेलं तर जास्त राखता येतं. दोन वर्षं तुम्ही अशीच घालवलीत."

"तुम्हाला कधी कळलं? खणांवरून?"

"थोडं आधी. माझी नजर जात होती तेव्हा मी कॉलेजात वर्षभर मैत्रिणीच्या आवाजामागून चालत होते. फळ्यावरचं तिच्या वहीतून उतरवायचे. कुणाला पत्ता लागू दिला नाही. लपवण्यात जेवढी बुद्धी खर्च झाली तेवढी परत कशातच नाही झाली. घरी सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगा."

मी काकांना गाडीनं घरी सोडायला गेलो. वाटेत ते वाक्यं जुळवत होते. मधेच पुटपुटायचे, मधेच नको म्हणायचे. दाराशी पोचल्यावर म्हणाले, तुम्ही पण या आत, मी एकटा बोललो तर अडखळेन.

काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. काकांनी चप्पल काढली, दारातच उभे राहिले आणि सांगून टाकलं. मधलं दिसत नाही. दोन वर्षं. डॉक्टरकडे जायचंय गुरुवारी. तीन वाक्यांत झालं.

काकूंनी हातातली वाटी पुसून फळीवर पालथी ठेवली.

"समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले, मी त्याचं पान उलटलेलं नाही. रोज सकाळी तुम्ही त्याच्यासमोर चहा पिता. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील."

काका भिंतीकडे वळले. नेमकं भिंतीकडे नाही, थोडं बाजूला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होते." त्यांनी फडकं झटकलं. "बसा दोघंही. चहा ठेवते."

मी म्हणालो, मला छापखान्यात जायचंय, सहावीची पुस्तकं अर्धवट आहेत. निघताना मागे वळून पाहिलं. काकू कॅलेंडरची जुनी पानं एकेक करून फाडत होत्या आणि काका, हात पुढे करून, ती एकावर एक रचत होते.